विहिरीत पडण्याचा आवाज

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं तो स्वतःशी म्हणायचा. पण राहून जाते ती छत्री दुरुस्तीला टाकायची, फार तर दातांच्या डॉक्टरकडे जायचं. एकतीस वर्षं रोज आठवण ठेवून जे केलं नाही, त्याला राहून गेलं म्हणत नाहीत, हे त्यालाही कळत होतं.

पत्र निळसर कागदाचं, एकाच बाजूला लिहिलेलं, दोन घड्यांचं. ते हरवलं असतं तर सुटला असता. पण हरवू नये याची काळजी तोच घेत आला होता. वाचायला घेतलेल्या पुस्तकात तो ते खुणेसाठी ठेवी. पुस्तक संपलं की पत्र पुढच्या पुस्तकात. जाडजूड इतिहास झाले, प्रवासवर्णनं झाली, मधमाश्यांवरचं एक अर्धवट सोडलेलं पुस्तक झालं. घड्यांवर कागद विरला तेव्हा त्याने मागून चिकटपट्टी लावली. उत्तर सोडून त्या पत्राचं सगळं काही केलं.

मजकूर पाठ होता. “तुमचा विहिरीचा आवाज परवा पुन्हा ऐकला. माझा लंगडायचा, तुमचा लंगडत नाही. ती लंगड कशी काढलीत, ते कळवा. इथली नोकरी बरी आहे, पण आवाजाचं काम नाही. घरी संध्याकाळी करत बसते. घाई नाही.”

खाली सही, आणि सहीखाली कंसात तिने स्वतःच ऑफिसातलं टोपणनाव लिहिलं होतं: चाळण.

ऑफिस म्हणजे बुटांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यात कायम नव्या चामड्याचा वास. वर सहा माणसं कॉम्प्युटरचे खेळ बनवत. त्याला घेतलं होतं खेळासोबतची माहितीपुस्तिका लिहायला, कारण तो सदा पुस्तकात डोकं घालून असे; म्हणून त्याचं नाव पडलं पुस्तक्या. लहानपणी थोडं वाजवायला शिकलेला, असं एकदा चुकून बोलून गेला आणि मालकाने त्याच दिवशी खेळांचे आवाजही त्याच्या गळ्यात घातले. चाळण शेजारच्या टेबलाशी. तिचं काम तयार होत असलेले खेळ दिवसभर खेळायचे आणि कुठे काय बिघडतं ते लिहून ठेवायचं. तिच्या हातून दोष निसटत नसे, म्हणून चाळण. स्वतःच्या केसांचा भांग सरळ पडला नाही तरी ती त्याची नोंद करत असेल, असं प्रोग्रामर म्हणायचा.

त्या काळच्या कॉम्प्युटरमधून एका वेळी चारच आवाज निघत. तीन सूर एकत्र वाजवायचे तर चारातले तीन तिथेच खर्ची. म्हणून एक युक्ती होती: एकाच आवाजात ते तीन सूर इतक्या भराभर आळीपाळीने वाजवायचे की कानाला ते एकत्रच वाटावेत, थरथरल्यासारखे. याला अर्पेजिओ म्हणत. हे सगळं लिहायचं ट्रॅकर नावाच्या प्रोग्रामात. प्रोग्रामरने तो स्वतःच लिहिला होता, आणि त्यात काही चुकलं म्हटलं की तो अंगावर येई. पडद्यावर चार उभ्या रांगा, वरून खाली सरकत जाणाऱ्या ओळी. प्रत्येक ओळीत सूर, वाद्याचा नंबर आणि शेवटी, सूर कसा वाजवायचा त्या हुकमाचा एक खण. एकच.

तिथेच पुस्तक्या अडला होता. नव्या खेळातला नायक धावता धावता विहिरीत पडायचा. त्या पडण्याला आवाज हवा होता: थरथरणारा, आणि थरथरत थरथरत खाली घसरत जाणारा. पण खणात अर्पेजिओचा हुकूम लिहिला की घसरणीला जागा नाही. घसरण लिहिली की थरथर गेली. तीन आठवडे तो त्या खणाशी झुंजत होता.

“खण एक आणि पाहुणे दोन,” शेजारून चाळण म्हणाली होती. तिची मान तिच्याच पडद्याकडे.

“तेच तर.”

“मग एकाला बाहेर कशाला उभं करता? आत घ्या ना.”

त्याला काही कळलं नाही. कळलं नाही असं म्हणायची लाज वाटली, म्हणून तो हसला. ती ओळखून असणार. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर तिने एक कागद ठेवला: पेन्सिलने आखलेल्या सोळा ओळी, नीटनेटक्या. तीन सुरांची यादी तिने वाद्याच्या आतच लिहिली होती, म्हणजे ते वाद्य जन्मतःच थरथरणारं झालं. बाहेरचा खण मोकळा, त्यात घसरण. वर कोपऱ्यात ‘वेग ४’. खाली बारीक अक्षरात: “जमलंय असं नाही, कुठेतरी लंगडेल. वेळ झाला तर बघा.”

खरंच लंगडत होतं. आवाज घसरायचा, थरथरायचा, पण प्रत्येक ओळीला ठेचकाळायचा. पुस्तक्याने तो कागद जसाच्या तसा ट्रॅकरमध्ये उतरवला. मग दोन दिवसांनी प्रोग्रामर ओरडला, पुस्तक्याने काहीतरी खुडबुड केली, आणि लंगड गेली. कशी गेली, हे त्याला कळलं नाही. त्याने विचारलंही नाही कुणाला.

खेळ बाजारात आला त्या दिवशी मालकाने सगळ्यांना गोळा केलं, कागदी पेले वाटले आणि पुस्तक्याचा हात धरून वर केला. “विहीर ऐकली का रे? हा आमचा पुस्तक्या! मुका वाटतो, पण आवाज बघा केवढा!” सगळे हसले. पुस्तक्याने मागे पाहिलं. चाळण भिंतीला टेकून उभी होती, पेला हातात, आणि तीही टाळ्या वाजवायच्या बेतात पेला कुठे ठेवावा ते शोधत होती. त्याने तोंड उघडलं. तोंडातून निघालं, “थँक्यू.”

तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. पण वर्षाच्या आत आवाजांच्या कामाला दुसरं माणूस घ्यायची बोलणी झाली आणि चाळणीने मालकाला सांगितलं की मला ते काम द्या. मालक म्हणाला, “अहो, आवाजाचा माणूस आहे आपल्याकडे, विहीर करणारा. तुमच्यासारखी चाळण मी कुठून आणू?” तेव्हा पुस्तक्या त्याच खोलीत फ्लॉपी लावत बसला होता. तो लावतच राहिला. नंबराने लावून झाल्या, तेव्हा त्याने त्या पुन्हा रंगाने लावायला घेतल्या.

काही महिन्यांनी ती नोकरी सोडून गेली. तिचा सोळा ओळींचा कागद त्याने एका पुस्तकात ठेवला होता आणि ते पुस्तक वाचनालयात परत गेलं. चुकूनच गेलं, असं तो मानत आला होता. पुढे दोन वर्षांनी पत्र आलं.

त्या पत्रात आरोप असता तर तो कदाचित उत्तर देता. आरोपाला निदान माफी मागता येते. इथे तिने फक्त विचारलं होतं, लंगड कशी काढलीत. आणि त्याचं खरं उत्तर ‘मला माहीत नाही’ एवढंच होतं. ते लिहिलं असतं तर पुढचं सगळं आपोआप उघडं पडलं असतं: कागद तिचा, युक्ती तिची, आणि हा नुसता उतरवून घेणारा.

*

सोमवारी दुपारी एक माणूस दारात उभा राहिला. चाळिशी ओलांडलेला, खांद्यावर दोन पिशव्या, बोलण्यात धाप. जुन्या खेळांच्या आवाजांची एक रेकॉर्ड काढतोय म्हणाला. खरीखुरी, काळी, गोल.

“सर, पहिला आवाज तुमचाच आहे. विहीर! मी आठ वर्षांचा होतो. नुसता आवाज ऐकायला मुद्दाम पडायचो.”

“मुद्दाम?” पुस्तक्याची बायको आतून चहा घेऊन येत म्हणाली. “आमच्याकडे एवढी वर्षं कुणी सांगितलं नाही की यांचं ऐकायला माणसं विहिरीत पडतात.”

बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेली. सगळ्या गावाचं बोलणं कानावरून गेल्यामुळे तिला कशाचं नवल वाटत नसे.

रेकॉर्डवाल्याने लॅपटॉप उघडला. त्यावर प्रोग्रामरचा तोच जुना ट्रॅकर, कुणीतरी हौसेने नव्या मशीनवर चालता केलेला. विहिरीची मूळ फाइल कुठेच राहिली नव्हती. खेळातून उचललेला आवाज तेवढा होता. त्याने तो वाजवला. एका सेकंदाचा आवाज. काचेचे तीन मणी एका दोऱ्यात थरथरत खाली ओघळावेत तसा.

“सर, रेकॉर्डबरोबर एक पान छापायचंय. हा तुम्ही कसा केलात ते. आणि जमलं तर इथेच करून दाखवा, मी पडदा टिपून घेतो.”

“मला आता कुठलं आठवतंय.”

“असं कसं! चाळणबाई म्हणाल्या की सगळं तुम्हालाच ठाऊक.”

पुस्तक्याने कप खाली ठेवला. “त्या... भेटल्या तुम्हाला?”

“तुमचा पत्ता त्यांनीच दिला ना! मी विचारलं, विहिरीचं कुणाला माहिती असेल? म्हणाल्या, सुरुवातीचं थोडं माझं होतं, पण ते लंगडं होतं, आणि लंगडं काम मी माझं म्हणून सांगत नाही. चालता आवाज त्यांचा. म्हणाल्या, लंगड कशी काढली ते तुम्हाला कळलं तर मलाही कळवा, मी एकदा विचारून ठेवलंय.” तो हसला. “विचारून ठेवलंय, असं म्हणाल्या.”

बायकोने पुस्तक्याकडे पाहिलं. पुस्तक्याने पडद्याकडे पाहिलं.

त्याने करून बघितलं. बोटांना ओळी आठवत होत्या: तीन सूर वाद्यात, घसरण खणात, सोळा ओळी, वेग चार. वाजवलं. आवाज घसरला, थरथरला आणि ओळीओळीला ठेचकाळला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. रेकॉर्डवाला भिडेने म्हणाला, “जवळजवळ आलंय, सर.”

“सवय गेली,” पुस्तक्या म्हणाला. “शुक्रवारपर्यंत द्या.”

“शुक्रवार शेवटचा हं. त्या दिवशी मजकूर छपाईला जातो. लॅपटॉप ठेवून जातो, माझ्याकडे दुसरा आहे.” दारात पोचून तो वळला. “नाव तुमचं एकट्याचंच टाकतोय. त्यांना तसंच हवंय.”

*

मंगळवार सकाळपासून घरात विहीर सुरू झाली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी नळाचा पाइप कापत होतं आणि आत पुस्तक्या सारखा विहिरीत पडत होता. त्याने वाद्य बदललं, सूर बदलले, घसरण कमी केली, जास्त केली. लंगड तशीच.

“आज जेवायच्या आत तळ लागेल ना?” बायकोने विचारलं.

“चेष्टा नको गं.”

“चेष्टा कुठे? त्या बाईंना कळवायचं म्हणून तरी उरका. बिचारं ते पत्र किती पुस्तकं वाचणार अजून?”

त्याने मान वर केली. “तू वाचलंस?”

“तीस वर्षांपूर्वीच. पहिले काही महिने मला वाटलं, तुमचं कुठेतरी काहीतरी आहे. बाईचं अक्षर, सारखं जवळ बाळगताय. मग एकदा धूळ झटकताना वाचलं. लंगडायचं काय, घाई नाही काय! म्हटलं, हे जर प्रेमपत्र असेल तर बाईची कमालच म्हणायची.”

त्याला हसू आलं नाही. तिने पदार्थाची चव बघावी तसं त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि खुर्ची ओढून बसली. “बोला आता.”

तो बोलला. कागदाचं, मालकाचं, फ्लॉप्यांचं. बायकोने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हे तिच्या स्वभावाला सोडून होतं. शेवटी म्हणाली, “रंगाने लावल्यात?”

“काय?”

“फ्लॉप्या. आधी नंबराने, मग रंगाने?”

“हो.”

“अरे देवा,” ती म्हणाली आणि उठून गेली. त्याला तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

बुधवारी दुपारी त्याच्या ध्यानात आलं की दोन आवाजांची लांबी जुळत नाही. खेळातला आवाज सेकंदाच्या आत संपतो. आपला सव्वा सेकंद चालतो. त्याने घड्याळ लावून तीन वेळा मोजलं. आणि मोजता मोजता एकतीस वर्षांहूनही जुना, प्रोग्रामरचा आवाज त्याच्या कानात उठला: “अरे पुस्तक्या, माणूस तळाला आपटून मेला, तरी तुझा आवाज अजून पडतोच आहे! आटोप ना लवकर!”

तेव्हा घाबरून त्याने काय केलं होतं? आवाज आखूड करायचा तर ओळी कमी कराव्या लागतात, पण ओळींना हात लावायची त्याची हिंमत नव्हती, कारण त्या त्याच्या नव्हत्या. मग त्याने कोपऱ्यातला वेगाचा आकडा तेवढा बदलला. चारचा तीन.

त्याने आत्ताही चारचा तीन केला आणि वाजवलं. आवाज सरळ, अखंड, काचेसारखा तळापर्यंत गेला.

मग त्याने पेन्सिल घेतली. वेग चार म्हणजे प्रत्येक ओळीचे चार ठोके. वाद्यातले सूर तीन. पहिला, दुसरा, तिसरा; चौथ्या ठोक्याला पुन्हा पहिला. आणि प्रोग्रामरच्या या ट्रॅकरमध्ये नवी ओळ आली की यादी परत मुळापासून सुरू व्हायची, म्हणजे पुन्हा पहिलाच. दर ओळीला पहिला सूर लागोपाठ दोनदा. तीच ठेच. तीन सुरांना तीन ठोके दिले की कुणीच उरत नाही. पाचवीतल्या पोराला जमेल असं गणित. ते त्याला तेव्हा सुटलं नव्हतं, कारण त्याने मांडलंच नव्हतं. आयतं मिळालेलं कुणी तपासून बघत नाही. चाळण त्याच्या जागी असती तर जेवणाच्या सुट्टीच्या आत तिने ते सोडवलं असतं. पण ट्रॅकरला हात लावायची परवानगी तिला नव्हती. ती सगळे उतारे कागदावर काढायची आणि तो वाजवेल तेव्हाच ऐकायची.

हे शेवटचं त्याला आजवर सुचलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्याने रेकॉर्डच्या पानाचा मजकूर लिहिला. भाषा त्याला नेहमीच वश होती. “तीन सुरांना तीनच ठोके दिले तर अर्पेजिओ अडखळत नाही, हे ध्यानात घेऊन मी वेग चारावरून तीनवर आणला.” वाक्य चांगलं उतरलं. त्यात खोटा शब्द एकही नव्हता, फक्त ‘ध्यानात घेऊन’ एवढं तीस-पस्तीस वर्षं आधीचं दाखवलं होतं. कोण तपासायला जाणार? मूळ फाइल नाही, कागद वाचनालयात केव्हाच गेला, प्रोग्रामर वारला. चाळणीने तर आवाज स्वतःहून त्याच्या पदरात टाकला होता. तिला उत्तरही मिळालं असतं. शिवाय बरोबर उत्तर.

त्याने ते पान बायकोला दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं.

“छान आहे. पण मला काल जेवताना सांगितलंत ते वेगळं होतं. प्रोग्रामर ओरडला, मी घाबरलो, आकडा बदलला.”

“ते छापायचं का?”

“मला काय विचारता? मी फोन जोडून द्यायचे. कुणी काय बोलायचं ते मी कधी सांगितलं नाही.” तिने चष्मा काढून पदराने पुसला. “ऐकू मात्र यायचं सगळं.”

*

शुक्रवारी रेकॉर्डवाला आला तेव्हा पुस्तक्याचा शर्ट इस्त्रीचा होता. त्याने आधी ट्रॅकर लावला. वेग चार: लंगडला. वेग तीन: सरळ गेला. रेकॉर्डवाला खुर्चीतून उठलाच. “वा! सर, म्हणजे हे गणित होतं तर!”

“गणित परवा कळलं.”

“परवा?”

“बसा,” पुस्तक्या म्हणाला. “हा आवाज माझा नाही.”

सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. इतक्या वर्षांचं ओझं इतकं आखूड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. मध्येच थांबून तो विचार करू लागला की आपण काही गाळतोय का. मग आठवलं, आणि फ्लॉप्यांचंही सांगितलं.

रेकॉर्डवाल्याने हनुवटी खाजवली. “पण त्या म्हणतात तुमचा, तुम्ही म्हणता त्यांचा. मी छापू काय?”

“त्यांचं नाव छापा. युक्ती त्यांची, ओळी त्यांच्या. माझा एक आकडा, तोही घाबरून टाकलेला.”

“त्या कबूल होणार नाहीत, सर. मी भेटलोय ना त्यांना. नळ दुरुस्त करणाऱ्याला त्या माझ्यादेखत तीनदा परत बोलावत होत्या.” त्याने खिशातून फोन काढला. “थांबा, आत्ताच लावतो. तुम्हीच सांगा, म्हणजे मोकळं.”

“नको!” पुस्तक्या इतक्या जोरात म्हणाला की आतून बायको डोकावली. मग तो ओशाळून हळू आवाजात म्हणाला, “त्यांनी पत्र लिहिलं होतं. फोनवर मी थँक्यू म्हणून बसेन. मला ठाऊक आहे.”

“पण छपाई आज...”

“आज त्यांचं नाव टाका आणि चूक ठरली तर ती माझ्या नावावर लिहा. त्या भांडल्या तर पुढच्या रेकॉर्डला बदला.”

“पुढची निघाली तर,” रेकॉर्डवाला म्हणाला. पण त्याने वही काढली आणि पुस्तक्याच्या नावावर रेघ मारली. पेनाचा आवाज त्या शांत खोलीत चांगला मोठा आला. जाताना तो म्हणाला, “पत्ता तोच आहे त्यांचा. जुनाच.”

तो गेल्यावर पुस्तक्याने कागद घेतला. मनात त्याने या पत्राचे शेकडो मसुदे केले होते, पानापानांचे, दिलगिरीने ओथंबलेले, एकात तर त्याने स्वतःच्या लहानपणापासून सुरुवात केली होती. बायको मागून म्हणाली, “बाईने काय विचारलंय? तेवढ्याचं उत्तर आधी द्या. रडायचं ते खाली जागा उरली तर.”

त्याने लिहिलं:

“तुमच्या पत्राचं उत्तर. लंगड मी काढली नाही. आवाज लांबतो म्हणून प्रोग्रामर ओरडला, तेव्हा मी घाबरून वेगाचा चारचा तीन केला, आणि ती आपोआप गेली. का गेली ते मला या बुधवारी कळलं: सूर तीन, ठोके चार, आणि नवी ओळ पहिल्यापासून, म्हणून पहिला सूर दोनदा. तुम्हाला ट्रॅकर वाजवून बघायला दिला असता तर तुम्हाला त्याच दिवशी कळलं असतं. तो माझ्या टेबलावर होता. मी दिला नाही.

आवाज तुमचा होता. मालकाने माझा हात वर केला तेव्हा मला ते सांगता आलं असतं. तुम्ही आवाजाचं काम मागितलंत तेव्हाही मी खोलीत होतो. मी फ्लॉपी लावत होतो. तुमचा कागद मी हरवला. रेकॉर्डवर आज तुमचं नाव जातं आहे. त्यात दोष काढायचा असेल तर मला लिहा, त्यांना नको.

घाई नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. ते मी फारच मनावर घेतलं. क्षमा मागतो.”

सही केली आणि जरा थांबून खाली कंसात लिहिलं: पुस्तक्या.

जागा उरली होती, पण त्याने तिथे काही लिहिलं नाही. पाकीट बंद केलं. मग ते उघडून पुन्हा वाचलं. पुन्हा बंद केलं. दुसरं पाकीट आणावं लागलं.

टपालपेटी कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानासमोर. बायको त्याच्याबरोबर निघाली. तिला म्हणे दुकानातून खोकल्याच्या गोळ्या घ्यायच्या होत्या, खोकला मात्र घरात कुणालाच नव्हता. पेटीजवळ एक बाई पाकिटांचा गठ्ठा टाकत होती. पुस्तक्या तिच्या मागे रांगेत उभा राहिला. ती गेली तरी तो तसाच उभा.

“तिकीट बरोबर लावलंय ना?” त्याने विचारलं.

“तीनदा बघितलंत.”

“पत्ता बदलला असेल तर?”

“आत्ताच तो सांगून गेला, जुनाच आहे म्हणून.”

त्याने पाकीट फटीत सरकवलं आणि अर्ध्यावर धरून ठेवलं. बोटांना पेटीचं गार लोखंड लागत होतं. मग बोटं सुटली. आत कुठेतरी, बाकीच्या पत्रांवर, थप्प असा छोटासा आवाज झाला.

त्याने वाकून फटीतून आत पाहिलं. काही दिसलं नाही. त्याने दोन बोटं आत घातली, पत्र मध्येच कुठे अडकलं तर नाही ना ते चाचपायला.

“चला आता,” बायको त्याची बाही ओढत म्हणाली. “पडलं ते. मी ऐकलं.”